चर्चच्या हॉलमधलं माहेर

बाळंतपणाला आई येणार होती, पण व्हिसा वेळेत मिळाला नाही. बाळ नीट ओढेना, रात्रभर रडायचं. पावडरीचा डबा आणूनही ठेवला होता. शेवटी शेजारच्या आयरिश आजी मला पॅरिश हॉलमधल्या आयांच्या गटात घेऊन गेल्या. चहा, बिस्किटं, आणि बाळाला अंगावर कसं घ्यायचं ते शेजारी बसून दाखवणारी एक अनुभवी बाई, एवढंच! पण पंधरा दिवसांत बाळ पोटभर पिऊ लागलं.

मग कळलं, ‘ला लेचे लीग’ ही संस्थाही १९५६ साली अमेरिकेत सात कॅथलिक आयांनीच सुरू केली. नाव घेतलं ते फ्लोरिडातल्या दूध पाजणाऱ्या मेरीमातेच्या देवळावरून. २०१४ साली सिस्टीन चॅपेलमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी पोप फ्रान्सिस यांनीही आयांना सांगितलं होतं, बाळ भुकेलं असेल तर इथंच पाजा.

आयर्लंडमध्ये अंगावर पाजण्याचं प्रमाण युरोपात अगदी कमी. कायदा मात्र आईच्या बाजूनं आहे. २०२३ पासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत त्यासाठी कामावर रोज तासभर पगारी सवड मिळते.

मंडळी, आपल्या गणपतीच्या हॉलमध्येही एक शांत कोपरा, खुर्ची नि पाण्याचा तांब्या ठेवू या का? आणि नव्या बाळंतिणीकडे जाताना अळिवाचे लाडू विसरू नका!