रंग म्हणजे प्रकाशाची शिल्लक

उल्हासनगरच्या कापडबाजारात जाणते गिऱ्हाईक साडीवरचा ब्लाउजपीस दुकानाच्या आतल्या उजेडात पसंत करीत नाही. दोन्ही कापडे घेऊन ते पायरीवर येते, दिवसाच्या उजेडात धरून पाहते आणि मगच पैसे मोजते. दुकानदारालाही त्यात वावगे वाटत नाही. आत तंतोतंत जुळलेली छटा बाहेर येताच फटकून वागते, हे व्यापाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याचे कारण मात्र क्वचितच सांगितले जाते.

सूर्याचा पांढरा दिसणारा प्रकाश वस्तुतः तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतच्या किरणांचे मिश्रण असतो. न्यूटनने १६६६ च्या सुमारास लोलकाच्या साहाय्याने ते उलगडून दाखविले. हा प्रकाश कापडावर पडला की रंगद्रव्याचे रेणू त्यातील काही किरण शोषून घेतात आणि त्यांची बहुतांशी उष्णता होते. उरलेले किरण परत फिरून डोळ्यांत येतात. जमेतून खर्च वजा जाता उरते ती शिल्लक, आणि ती शिल्लक म्हणजेच रंग. हळद निळा-जांभळा भाग ठेवून घेते म्हणून पिवळी दिसते. पांढरे वस्त्र जवळजवळ सगळे परत करते. काळे जवळजवळ सगळे ठेवून घेते, म्हणून वैशाखात काळा सदरा अंगाला भाजतो. जैन शास्त्रांनी वर्ण हा पुद्गलाचा गुण मानला आणि कृष्ण, नील, रक्त, पीत व श्वेत असे त्याचे पाच भेद सांगितले. कोणते किरण शोषायचे हे द्रव्याच्या घडणीवरच ठरते, या अर्थाने तो गुण द्रव्याचाच. परंतु प्रकट होण्यास त्याला प्रकाश हवा.

आणि जमाच बदलली तर शिल्लकही बदलणार. जुन्या पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा भाग तोकडा असतो. ट्यूबलाइटचा प्रकाश काही ठरावीक किरणांतच एकवटलेला असतो. दोन रंगाऱ्यांनी निरनिराळी रंगद्रव्ये वापरून एकच छटा साधली, तर एका दिव्याखाली ती कापडे जुळी भासतात आणि दुसऱ्याखाली परकी. या प्रकाराला मेटामेरिझम म्हणतात. परत आलेल्या मालावरून होणाऱ्या कित्येक कटकटींचे मूळ येथे आहे, लबाडीत नव्हे. निर्यातदार म्हणूनच निरनिराळे दिवे बसविलेल्या पेटीत नमुना तपासतात; त्यातील डी-६५ हा दिवा दिवसाच्या उजेडाचा प्रतिनिधी मानला जातो. छटा कोणत्या उजेडात पाहायची, हे सौदा करतानाच ठरवून घेतले तर पुढचा वाद टळतो.

पूजेच्या शुभ्र वस्त्राचे गणित आणखी मजेदार आहे. वापरून पिवळट झालेले कापड निळे किरण शोषू लागलेले असते. नीळ दिली की ती पिवळे-नारिंगी किरण कमी करते आणि तोल साधतो. खरे तर कापड किंचित मंदच होते. डोळ्यांना मात्र ते अधिक पांढरे वाटते! टिनोपालची रीत निराळी. तो न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतो. नेहमीच्या एलईडी दिव्यांत अतिनील किरण जवळपास नसतात, त्यामुळे असा माल दुकानात फिका आणि उन्हात झगझगीत दिसतो.

बदलापूरच्या जांभळांचा डाग साबण लावताच निळसर होतो, हेही त्याच हिशेबातले. साबणाच्या अल्कधर्मामुळे रंगद्रव्याच्या रेणूची घडण बदलते आणि त्याची भूकही बदलते.

उल्हासनगरला ज्या जीन्सने नाव दिले, तिचा निळा रंग इंडिगोचा. इंडिगो तांबडे-नारिंगी किरण शोषतो. कुंडातून निघालेले सूत पिवळट-हिरवे असते आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होते. हा रंग धाग्याच्या पृष्ठभागावरच बसतो. धुताना तो झडतो, आतला पांढरा गाभा उघडा पडतो आणि जीन्सला हवी ती विटकी छटा येते.

झडलेला रंग पाण्याबरोबर जातो, आणि येथे ही गोष्ट गंभीर होते. वालधुनी नदी अंबरनाथच्या शिवमंदिरालगत वाहते. शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले हे शिलाहारकालीन मंदिर काळ्या दगडाचे. पावसात भिजले की प्रकाश दगडात अधिक मुरतो आणि ते अधिकच काळेभोर दिसते. तीच नदी पुढे उल्हासनगरातून जाताना कारखान्यांचे रंग वाहून नेऊ लागली. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचे प्रकरण ‘वनशक्ती’ या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादापुढे नेले, २०१५ साली लवादाने भरपाईचा आदेश दिला आणि पुढे शहरातील जीन्स धुण्याच्या कारखान्यांना टाळे लागले. व्यापारी आणि कामगार या दोघांनाही त्याची झळ बसली.

रंगीत पाणी केवळ कुरूप असते असे नाही. त्यातील रंगद्रव्य सूर्यप्रकाश वरच्यावर शोषते, त्यामुळे तळाच्या वनस्पतींना तो अपुरा पडतो आणि पाण्यात प्राणवायू घटतो. पण उलट बाजूही ध्यानात घ्यावी. अनेक आम्ले, क्षार आणि द्रावके दृश्य प्रकाशातील काहीच शोषीत नाहीत. ती मिसळलेले पाणी स्वच्छ दिसते. क्लोरीन टाकले की रेणूचा रंग देणारा भाग तुटतो, उरलेले तुकडे मात्र पाण्यातच राहतात. म्हणून सांडपाण्याचा नमुना तपासताना रंग पाहून भागत नाही. त्याची आम्लता, त्यात विरघळलेले क्षार आणि त्याला लागणारा प्राणवायू हे सर्व मोजावे लागते.