शेक, मालीश आणि दाम

फिजिओथेरपी म्हणजे शेक आणि मालीश, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. या समजुतीची किंमत भौतिकोपचारतज्ज्ञ दरमहा आपल्या पगारातून मोजतात. म्हणून आधी त्यांचे काम पाहू.

हमालाच्या गुडघ्याचे हाड मोडले. शस्त्रवैद्याने ते जोडले, यथाकाल प्लास्टरही निघाले. पण गुडघा वाकत नाही. हा गडी पुन्हा ओझे उचलणार की घरी बसणार, हे पुढच्या आठवड्यांत ठरते. भौतिकोपचारतज्ज्ञ कोनमापकाने गुडघा किती अंश वाकतो ते मोजतात, स्नायूंची ताकद अजमावतात, ताण किती द्यावा व कुठे थांबावे ते ठरवतात. अर्धांगवायूच्या रोग्याला ते उभे राहायला शिकवतात. अतिदक्षता विभागात छातीतला कफ मोकळा करतात. रोग्यांना उचलता-सावरता त्यांचीच कंबर धरते. या विद्येच्या पदवीला आपल्याकडे साडेचार वर्षे लागत आली आहेत. त्यांतले शेवटचे सहा महिने रुग्णालयातील उमेदवारीचे.

आता दाम. सातव्या वेतन आयोगाने केंद्र सरकारी नोकरीत सहाव्या पायरीचे मूळ वेतन ३५,४०० रुपये ठरवले. केंद्राच्या रुग्णालयांत पुष्कळ भौतिकोपचारतज्ज्ञ या पायरीवर लागले. खासगी ठिकाणी मात्र अनेकांना कंत्राटावर, किंवा ‘सिटिंग’ मोजून पैसे मिळतात. मग तपासणी, नोंदी, घरच्या माणसांना समजावणे हा सारा वेळ बिनपगारी. तुकड्यावरची मजुरी आम्हा कामगारांना चांगली ठाऊक आहे. ही तिचीच बहीण.

इंग्लंडातही हीच लढाई झाली. मालीशच्या नावाखाली गैरधंदे चालतात अशी ओरड झाली, तेव्हा १८९४ साली चार परिचारिकांनी संस्था काढून परीक्षा लावल्या. १९२० साली तिला राजसनद मिळाली. सनदेने मान दिला, पण पगार ठरवायला वाटाघाटीचे बळ लागते. १९७६ साली हीच संस्था कामगार संघटनाही झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये तिच्या सभासदांनी पगारासाठी संप केला.

आपल्याकडे १९५५ साली या व्यवसायाची अखिल भारतीय संघटना निघाली; २०२१ च्या केंद्रीय कायद्याने शिक्षण आणि नोंदणीची घडी घातली. पगाराचा प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला. तो संघटनेनेच सोडवावा लागेल. आपणही एक करावे: आपल्या सरकारी वा नगरपालिकेच्या रुग्णालयात भौतिकोपचारतज्ज्ञांची पदे किती मंजूर आहेत आणि भरलेली किती, हे जाऊन विचारावे. रिकाम्या खुर्चीमुळे न वाकणारा गुडघा उद्या आपलाही असू शकेल.