सुलोचना, पण कुठली?

सुलोचना म्हणजे सुंदर डोळ्यांची. आईच्या पिढीत हे नाव घरोघरी असायचं, तेव्हा सिनेमा-संगीतात तीन सुलोचना गाजल्या याचं नवल नाही. नवल हे, की तिघींपैकी जन्माची सुलोचना एकच, आणि नाव करून झाल्यावर ते अर्धं बदललं तेही तिचंच!

पहिली सुलोचना म्हणजे रूबी मायर्स. पुण्यात जन्मलेली ज्यू मुलगी. आधी टेलिफोन ऑपरेटर होती. मूकपटात आली नि ‘सुलोचना’ झाली. ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ (1927) या चित्रपटात तिनं एकटीनं आठ भूमिका केल्या. पुढं बोलपट आले. हिंदुस्तानी धड येत नव्हतं, तर बाई रडत न बसता भाषा शिकून परत आली. 1928 आणि 1935 अशी दोनदा ती अनारकली झाली आणि 1953 च्या ‘अनारकली’त सलीमची आई! 1973 चा फाळके पुरस्कार तिला मिळाला. 1983 मध्ये ती गेली.

त्याच 1953 साली ‘वहिनींच्या बांगड्या’ आला. त्यातली सुलोचना मात्र आपली, खडकलाटची. बोलके डोळे पाहून भालजी पेंढारकरांनी तिला हे नाव दिलं. नुसतं ‘सुलोचना’ म्हटलं तर कुठली समजायची? म्हणून एकीला कंसात रूबी मायर्स, दुसरीला पुढं लाटकर. आपण मात्र ‘सुलोचनादीदी’च म्हणत आलो. ‘मराठा तितुका मेळवावा’ (1964) मधल्या जिजाऊ त्याच. ‘जॉनी मेरा नाम’मध्ये त्या देव आनंदची आई झाल्या, तो त्यांच्यापेक्षा वयानं मोठा असताना! नायक पन्नाशीतही नायक, बाईनं मात्र लवकर आई व्हायचं, हा सिनेमातला न्याय. 2023 मध्ये त्या गेल्या.

आता तिसरी. गिरगावातली सुलोचना कदम. हे नाव खरं, आईबापांनी ठेवलेलं. ‘ढोलक’ (1951) सारख्या हिंदी चित्रपटांत श्यामसुंदरांच्या चालींवर गायलेली. मग दिग्दर्शक श्यामराव चव्हाणांशी लग्न झालं आणि कदमची चव्हाण झाली. सासरी जाताना ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं नवं नाव आपण बहुतेकींनी पाहिलंय. शाळेचा दाखला एका नावाचा, रेशनकार्ड दुसऱ्या! पण इथं रेकॉर्डवर छापलेलं, कमावलेलं नाव होतं. परिणाम असा, की जुन्या हिंदी गाण्यांचे शौकीन ‘कदम’वर जीव टाकतात, लावणीवाले ‘चव्हाण’वर, आणि बाई एकच हे कित्येकांच्या गावी नसतं.

तरी नव्या नावानं त्यांचं वाईट केलं असं म्हणवत नाही. लावणीतला शब्द कुठं तोडायचा, कुठं फेकायचा, हे श्यामरावांनीच त्यांच्याकडून घोटून घेतलं. ‘रंगल्या रात्री अशा’ (1962) मधल्या लावणीनं तर महाराष्ट्र वेडा झाला. अत्र्यांनी त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलं. आणि गाणं कसं? डोक्यावर पदर घेऊन, जागेवर उभं राहून. सगळी अदा गळ्यात! 2022 मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या.

‘ढोलक’ची गाणी अजून ऐकायला मिळतात. दुपारची कामं आटोपली की एखादं लावा, आणि लगेच त्यांची एखादी लावणी. घरातल्यांना गायिकेचं नाव आधी सांगू नका. दोन्हीकडे एकच बाई आहे हे कोण ओळखतं ते बघा.