ऋषीची भाजी मिळते तोवर

गणपतीच्या तोंडावर पुण्याच्या महात्मा फुले मंडईत एक वेगळाच वाटा मांडलेला दिसतो. अळूची पानं, माठाचे देठ, अंबाडी, सुरणाचा तुकडा, लाल भोपळ्याची फोड, मक्याचं कणीस, दोडका, सगळं थोडं थोडं एकत्र. ही ऋषीची भाजी. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हा तिचा नेम. मंडईतल्या विक्रेतीला तो कुणी शिकवावा लागत नाही. उलट नवी सून गोंधळून उभी राहिली, तर वाट्यात काय काय हवं हे तीच सांगते, आणि चिंच घरात आहे ना, असंही विचारते.

हे ज्ञान शहरात अजून कुठे मिळतं? दहा मिनिटांत घरी भाजी पोचवणाऱ्या अ‍ॅपवर फ्लॉवर, कोबी आणि ढोबळी मिरची बारा महिने मिळते. लोणच्यासाठी भोकरं, कोवळी फणसाची कुयरी, घोळ, चाकवत, ओली हळद, कोनफळ, केळफूल शोधायचं असेल तर पुणेकराची पावलं आजही मंडईकडेच वळतात. एवढं असूनही मंडईतली गर्दी पूर्वीसारखी राहिलेली नाही. तिच्या भोवतीचे रस्ते मात्र माणसांनी आणि वाहनांनी ओसंडत असतात. गर्दी इमारतीच्या दारापर्यंत येते आणि तुळशीबागेच्या बाजाराकडे वळून जाते.

मंडई बांधली जाण्यापूर्वी पुण्याचा मुख्य भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या पटांगणात भरत असे. पावसाळ्यात तिथे चिखल आणि उन्हाळ्यात धूळ. नगरपालिकेने शुक्रवार पेठेत पक्की इमारत उभारायचं ठरवलं, बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर यांनी केलं आणि 1886 मध्ये ही वास्तू सुरू झाली. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती ‘रे मार्केट’ म्हणून ओळखली जाऊ लागली. मधोमध अष्टकोनी मनोरा, त्याच्यापासून फाकलेल्या लांबलचक बाजू, दगडी कमानी, उंच कौलारू छत. छताची ही उंची शोभेपुरती नव्हती. गरम हवा वर जाते, खाली सावली राहते आणि पालेभाजी दुपारपर्यंत तग धरते. वीज आणि शीतगृहं नसलेल्या काळात हीच मंडईची थंडाई होती. आजही भर एप्रिलमध्ये रस्त्यावरून आत पाऊल टाकलं की हा फरक अंगाला जाणवतो.

या इमारतीच्या जन्मकथेत एक विलक्षण गोष्ट आहे. महात्मा जोतीराव फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या बांधकामावर एवढा पैसा घालण्याला त्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं होतं. फुल्यांचं घराणं माळ्याचं, फुलं आणि भाजी हा घरचाच धंदा. शेतकऱ्याच्या दैन्यावर ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणारा हा माणूस भाजीविक्यांचा वैरी असण्याचा प्रश्नच नव्हता. सार्वजनिक तिजोरीतला रुपया आधी कुणासाठी खर्चायचा, एवढाच त्यांचा मुद्दा होता. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने याच इमारतीला फुल्यांचं नाव दिलं गेलं. इंग्रज गव्हर्नराचं नाव गेलं आणि खर्चाला हरकत घेणाऱ्याचं आलं. पुण्याने आपल्या एका विरोधकाचा केलेला हा सन्मान मोठ्या मनाचा होता, यात शंका नाही. पण फुल्यांचा मूळ प्रश्न मात्र नावाच्या पाटीमागे राहून गेला.

मंडई नुसत्या भाजीची कधीच नव्हती. नगरपालिकेचा कारभार काही काळ याच इमारतीतून चालला. लोकमान्य टिळकांचा पुतळा इथे 1924 मध्ये उभा राहिला आणि त्याचं अनावरण मोतीलाल नेहरूंनी केलं. विसर्जन मिरवणूक आजही याच पुतळ्यापासून निघते. शारदेसह झोपाळ्यावर बसलेला अखिल मंडई मंडळाचा गणपती 1894 पासूनचा, व्यापाऱ्यांच्या आणि हमालांच्या वस्तीतला. मंडईचं मैदान सभांनी गाजलं, निवडणुका इथे तापल्या, आणि कट्ट्यावरच्या राजकीय चर्चेला पुणेकरांनी ‘मंडई विद्यापीठ’ म्हणायला सुरुवात केली. भाजी घ्यायला आलेला माणूस भाषण ऐकून घरी जायचा. शहराची नाडी पाहायची तर इथेच यायचं, असा तो काळ होता.

मग उतरती कळा लागली कशी? पहिला आणि सर्वांत मोठा घाव घाऊक व्यापार गेल्याचा. पहाटेच्या गाड्या, आडत्यांची बोली, पाट्या वाहणारे हमाल, चहाची दुकानं, हे सगळं गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हलवलं गेलं. पेठेच्या अरुंद रस्त्यांत ट्रक मावेनात, हे कारण रास्त होतं. पण त्यामुळे मंडईतल्या गाळेवाल्याचं गणित पालटलं. पूर्वी माल त्याच्या दारात उतरायचा. आता त्याला पहाटे यार्डात जाऊन खरेदी करावी लागते, टेंपोचं भाडं द्यावं लागतं आणि तोच माल उपनगरातल्या हातगाडीवाल्याच्या भावाशी टक्कर देत विकावा लागतो. 2016 मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, शेतकऱ्यांचे आठवडी बाजार सोसायट्यांच्या दारात भरू लागले. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते चांगलंच झालं. मंडईच्या गाळेवाल्याला मात्र आणखी एक स्पर्धक मिळाला.

दुसरा घाव दिसायला हळू, पण खोल. पेठांतली माणसं निघून गेली. वाडे पडले, त्यांच्या जागी इमारती आल्या, इमारतींत दुकानं आणि गोदामं आली, आणि रोज पिशवी घेऊन पायी येणारी कुटुंबं कोथरूड, सिंहगड रस्ता, धायरी, हडपसरला राहायला गेली. लांबून येणारं गिऱ्हाईक दुचाकीवर येतं, तिला जागा शोधता शोधता वैतागतं आणि पुढच्या वेळी घराजवळच भाजी घेतं. विक्रेत्यांची पुढची पिढीही शिकून नोकरीला लागली. ते त्यांच्या हिताचंच आहे. पण काही गाळ्यांवर आता साठी ओलांडलेली माणसंच बसलेली दिसतात.

एखाद्या गाळ्यापाशी थोडं थांबून पाहावं. विक्रेता ओट्यावर उंच बसलेला, भोवती उतरत्या पायऱ्यांसारखे भाजीचे ढीग रचलेले, जेणेकरून बसल्या जागेवरून हात सगळीकडे पोचावा. कोथिंबिरीच्या जुड्यांची मुळं आत, पानं बाहेर. त्यावर अधूनमधून पाण्याचा शिडकावा. मेथी मागितली की जुडी हातात घेऊन तो आधी देठ दाबून पाहतो. करकरीत वाटला तर देतो, नाहीतर बाजूला टाकतो. ‘आजच करणार की उद्या?’ हा त्याचा प्रश्न गप्पांचा नसतो. आज करायची असेल तर कोवळी, उद्यासाठी हवी असेल तर जरा जून जुडी तो काढून देतो. हे कसब कुठल्याही अभ्यासक्रमात नाही, आणि ते ज्या हातांत आहे ते हात आता मोजके उरले आहेत.

29 सप्टेंबर 2024 रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला आणि मंडईच्या पोटात स्थानक आलं. काम चालू असताना खोदाई, पत्रे आणि वळवलेले रस्ते यांचा त्रास मंडईने बराच सोसला. पण आता वनाज, रामवाडी किंवा पिंपरीहून गाडीच्या पार्किंगची चिंता न करता मेट्रोने मंडईत उतरता येतं. अर्ध्या शतकात मंडईकडे गिऱ्हाईक आणणारी ही पहिलीच मोठी गोष्ट आहे. ते गिऱ्हाईक आत येतं की बाहेरून निघून जातं, हे पुढच्या काही वर्षांत ठरेल.

जगात या वळणावर दोन वाटा दिसतात, आणि दोन्ही एकाच शहरात. बार्सिलोनाच्या पालिकेने सुमारे 40 मंडया स्वतःच्या अखत्यारीत ठेवल्या आणि एकामागून एक दुरुस्त केल्या. सांता कातेरिना मंडई 2005 मध्ये रंगीत लाटांच्या छतासह पुन्हा उघडली, आणि आजूबाजूचे लोक तिथे रोजचा बाजार करतात. त्याच शहरातली बोकेरिया मंडई पर्यटकांनी इतकी वेढली की 2015 मध्ये शुक्रवार-शनिवारी मोठ्या पर्यटक गटांना बंदी घालावी लागली. मासळी आणि भाजी मागे पडून फळांच्या रसाचे पेले पुढे आले. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटचा घाऊक फळबाजार 1996 मध्ये वाशीला गेला. 1869 च्या त्या इमारतीचं जतन आणि नव्या बांधकामाचं काम महापालिकेने हाती घेतलं, पण किरकोळ विक्रेते टिकले तरच त्या दगडांना अर्थ उरेल.

पुण्याच्या मंडईचं काय होणार, यात इमारतीची डागडुजी हा तुलनेने सोपा भाग आहे. दगड साफ होतो, कौलं बदलता येतात, निधी मिळतो. अवघड आहे ते विक्रेत्याला तिथे राहणं परवडेल असं करणं. पहाटे यार्डातून येणाऱ्या टेंपोला ठरलेल्या वेळी मंडईच्या दाराशी जागा हवी. तरुण विक्रेत्याला आणि थेट माल आणणाऱ्या शेतकऱ्याला रिकामा गाळा वाजवी भाड्यात मिळायला हवा. ओल्या कचऱ्याची नीट व्यवस्था हवी आणि बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह हवं. मेट्रोच्या दारापासून भाजीच्या गाळ्यापर्यंत मोकळी पायवाट हवी, नुसती बाणाची पाटी नको. यातलं काहीही नेत्रदीपक नाही, म्हणूनच ते आराखड्यात मागे पडतं आणि विद्युत रोषणाई पुढे येते. महापालिकेने खर्चाचा क्रम उलटा केला, तर मंडई वाचेल. खानपानाचं दालन किंवा सेल्फीची जागा म्हणून ती उरली, तर इमारत राहील आणि बाजार जाईल.

पुणेकरांनीही आपला वाटा उचलायला हवा. मेट्रो पकडून महिन्यातून दोन वेळा तरी पिशवी घेऊन या, सकाळी लवकर या, ओळखीची भाजी घेऊन झाली की एक अनोळखी भाजी घ्या आणि ती कशी करायची ते गाळेवाल्यालाच विचारा.