बोट सुटण्याआधी

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठावर पोर्ट क्लिंटन नावाचे छोटे गाव आहे. वसंत ऋतू सुरू झाला की तिथल्या धक्क्यावर पहाटेपासून लगबग असते. भाड्याच्या मोटारबोटी हौशी माणसांना घेऊन दिवसभरासाठी सरोवरात शिरतात. बऱ्याच बोटींवर प्रवासी जास्तीत जास्त सहा असतात, सोबत परवानाधारक कप्तान, गळ, दोऱ्या आणि बर्फाची पेटी. शोध मुख्यतः एकाच माशाचा, वॉलआयचा. हे गाव स्वतःला ‘वॉलआयची जागतिक राजधानी’ म्हणवून घेते आणि 31 डिसेंबरच्या मध्यरात्री फायबरग्लासचा भलामोठा वॉलआय खाली उतरवून नव्या वर्षाचे स्वागत करते.

डेट्रॉइट, टोलेडो, क्लीव्हलँड या परिसरात आता मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात मुलांकडे गेलेल्या आई-बाबांनाही अशा सहलीचा आग्रह होतो. कोकणातल्या माणसाला तर ताज्या माशाचे नाव पुरते. सहल खरोखर आनंदाची असते, पण तिच्यातल्या धोक्यांत एक गोष्ट समान आहे. त्रास सुरू झाल्यावर करण्यासारखे फार थोडे उरते; जे करायचे ते आधीच करावे लागते.

बोट लागते तेव्हा

वॉलआयच्या डोळ्यात दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असतो. मांजराचे डोळे अंधारात चमकतात ते अशाच थरामुळे. त्यामुळे हा मासा अंधूक उजेडात आणि गढूळ पाण्यात चांगली शिकार करतो. म्हणून कप्तान पहाट गाठतात आणि पाण्यावर थोड्या लाटा असल्या तर खूश होतात. लाटांमुळे पाण्याखाली उजेड कमी पोहोचतो.

पण तीच लाट माणसाच्या पोटात ढवळते. ईरी सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे 25,700 चौरस किलोमीटर असले, तरी त्याची सरासरी खोली जेमतेम 19 मीटर आहे. पश्चिमेकडचा भाग तर सरासरी सात-साडेसात मीटरच खोल आहे. अशा उथळ पाण्यावर वारा सुटला की आखूड, उभ्या लाटा झपाट्याने उठतात. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव मेंदूला सांगतो की शरीर हलते आहे. बोटीतल्या वस्तूंवर खिळलेले डोळे सांगतात की सगळे स्थिर आहे. या विसंगतीतून मळमळ, घाम आणि उलट्या सुरू होतात. जुनी माणसे यालाच ‘बोट लागणे’ म्हणत.

मळमळ सुरू झाली की जठराचे काम मंदावते, म्हणून तेव्हा घेतलेली गोळी नीट शोषली जात नाही आणि कित्येकदा उलटून पडते. मेक्लिझिनसारखी गोळी साधारण तासभर आधी घ्यावी लागते, तर कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी किमान चार तास आधी. या औषधांनी झोप येते, तोंड कोरडे पडते. त्यात मद्याची भर नको. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या ज्येष्ठांना ऊन, उलट्या आणि कमी पाणी यांमुळे चक्कर येऊ शकते. ‘बोटीवर अडचण नको’ म्हणून पाणी टाळणे हे त्यातले सर्वांत वाईट. बोटीवर बाथरूम आहे का, हे आरक्षण करतानाच विचारावे.

पहिले मिनिट

हंगामाच्या सुरुवातीला, एप्रिलमध्ये, हवा उबदार वाटली तरी पाणी बहुधा 10 अंश सेल्सिअसच्या खालीच असते. तोल जाऊन अशा पाण्यात पडलेला माणूस थंडीने गारठून मरतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात धोका त्याच्या कितीतरी आधी असतो. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी शिकवलेला हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे: 1, 10, 1. पहिले एक मिनिट श्वास अनावर होतो, धाप लागते. त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी फुप्फुसात जाते. पुढची साधारण दहा मिनिटे हातपाय उपयोगी पडतात. गारठ्याने शुद्ध हरपायला मात्र सुमारे तासभर लागतो.

म्हणजे पट्टीचा पोहणाराही पहिल्या काही मिनिटांतच बुडू शकतो. अशा वेळी डोके पाण्यावर ठेवते ते अंगात असलेले लाइफ जॅकेट. बाकाखाली ठेवलेले जॅकेट त्या पाण्यात शोधून, चढवून, पट्टे आवळणे जवळजवळ अशक्य. अमेरिकन तटरक्षक दलाच्या नोंदींनुसार हौशी नौकाविहारात बुडून मेलेल्यांपैकी दर दहामागे आठांहून अधिक जणांनी जॅकेट घातलेले नसते.

पारा शिजून जात नाही

संध्याकाळी बोट परतते. ओहायोत सध्या माणशी दिवसाला सहा वॉलआय धरता येतात आणि 15 इंचांपेक्षा लहान मासा सोडून द्यावा लागतो. बंदरावरच मासे साफ करून मिळतात आणि काटे काढलेल्या पांढऱ्याशुभ्र तुकड्यांची पिशवी घरी येते. घरात गरोदर सून किंवा लेक असेल, तर प्रश्न उभा राहतो: तिने किती खावे?

या प्रश्नामागे इतिहास आहे. 1970 मध्ये ईरीच्या वरच्या अंगाला असलेल्या सेंट क्लेअर सरोवरातल्या माशांत भरपूर पारा आढळला. नॉर्वेचा एक विद्यार्थी, नॉरवाल्ड फिमराइट, याने ते उघडकीस आणले. क्लोरीन बनवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यातून तो पारा येत होता. त्या वर्षी मासेमारीवर बंदी आली. पुढे कारखान्यांवर निर्बंध आले, 1972 मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांनी सरोवरांच्या पाण्याबाबत करार केला आणि माशांतले पाऱ्याचे प्रमाण उतरले. पण ते शून्य झालेले नाही. कोळसा जाळल्यामुळे हवेत जाणारा पाराही पाण्यात उतरतच असतो.

तळच्या गाळातले जीवाणू या पाऱ्याचे मिथाइल मर्क्युरी बनवतात. ते कीटकांतून लहान माशांत आणि त्यांतून वॉलआयसारख्या शिकारी माशात साठत जाते. मासा जितका मोठा आणि वयस्क, तितका पारा जास्त. तो माशाच्या मांसातल्या प्रथिनांना चिकटतो, म्हणून कातडी काढून, लिंबू-हळद लावून, तळून किंवा उकळून तो जात नाही. पीसीबी हे दुसरे प्रदूषक चरबीत असते. ते मात्र कातडी आणि चरबी काढल्याने कमी होते.

पाऱ्याने गर्भाच्या वाढत्या मेंदूला किती इजा होऊ शकते, हे जपानमधल्या मिनामाता इथे 1956 पासून जगाने पाहिले. रक्तातला असा पारा निम्म्यावर यायला सुमारे 50 दिवस लागतात. म्हणून पथ्य गर्भ राहिल्यावर नव्हे, तर मूल हवे असे ठरवल्यापासूनच सुरू करावे.

याचा अर्थ मासे सोडावेत असा मुळीच नाही. माशातली ओमेगा-3 आम्ले आणि आयोडीन बाळाच्या मेंदूला हवीच असतात. ओहायोच्या पाण्यात धरलेल्या बहुतेक माशांसाठी राज्याचा सल्ला आठवड्यातून एकदाच खाण्याचा आहे. सरोवर, जात आणि आकार यांनुसार वेगळे निर्बंध असतात आणि ते पत्रक आधी पाहावे. मोठा मासा फोटोपुरता, छोटा ताटापुरता, हे धोरण बरे.

मोरी आणि बांगडा

हाच नियम आपल्या किनाऱ्यालाही लागू आहे. कोकणात बाळंतिणीला दूध यावे म्हणून मोरी खाऊ घालतात. मोरी म्हणजे शार्क, म्हणजेच शिकारी मासा. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन गरोदर आणि स्तनदा मातांना शार्क आणि आपल्या सुरमईच्या कुळातला किंग मॅकरेल टाळायला सांगते. त्याऐवजी बांगडा, तारली, मांदेली असे लहान, कमी आयुष्याचे मासे द्यावेत. पोषण तेवढेच मिळते, पारा कमी आणि खर्चही कमी.

पोर्ट क्लिंटनला जाणाऱ्याने तासभर आधी गोळी, धक्क्यावरच जॅकेट आणि चूल पेटण्याआधी राज्याचे पत्रक एवढे सांभाळले, तर त्या दिवसाची आठवण फक्त माशांचीच राहील.