पाचशे मैलांपलीकडे न जाणारी ई-मेल

ई-मेल बंद पडली की आपण 'सर्व्हर बिघडला' असे म्हणून मोकळे होतो. पण बिघाड नेमका कुठे आहे हे शोधायला विज्ञानाचीच रीत वापरावी लागते. याचे एक मजेदार उदाहरण १९९० च्या दशकात अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या एका विद्यापीठात घडले. तेथील ई-मेल यंत्रणा सांभाळणाऱ्या तज्ज्ञाने २००२ मध्ये ते लिहून प्रसिद्ध केले.

एके दिवशी संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांनी त्याला फोन केला. "आमची ई-मेल ५०० मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटरपेक्षा, दूर जात नाही." तज्ज्ञाचा विश्वास बसेना. ई-मेलला अंतर कसे कळणार? पण तक्रार करणारे संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांनी कित्येक दिवस नोंदी ठेवल्या होत्या. मग तज्ज्ञाने स्वतःच पत्रे पाठवून पाहिली. ४२० मैलांवरील न्यूयॉर्कला पत्र पोहोचले, ५८० मैलांवरील प्रॉव्हिडन्सला मात्र नाही. त्याच राज्यात राहणाऱ्या, पण ज्याचा सर्व्हर दूर सिअॅटलला होता अशा मित्राचे पत्रही गेले नाही. म्हणजे प्रश्न माणसाच्या नव्हे, तर सर्व्हरच्या अंतराचा होता.

आता पत्र जाते कसे ते पाहू. आपला सर्व्हर आधी दुसऱ्या सर्व्हरला साद घालतो आणि उत्तराची वाट पाहतो. किती वेळ थांबायचे, हे एका फाइलमध्ये लिहून ठेवलेले असते. उत्तर वेळेत आले नाही, तर सर्व्हर प्रयत्न सोडून देतो.

चौकशीत कळले, की थोड्याच दिवसांपूर्वी या संगणकाची कार्यप्रणाली सुधारून नवी केली होती. मात्र तिच्याबरोबर 'सेंडमेल' या टपाल-प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती आली. आठव्या आवृत्तीच्या जागी पाचवी बसली, पण सूचनांची फाइल आठवीचीच राहिली. जुन्या प्रोग्रॅमला नव्या धाटणीच्या सूचना कळेनात, म्हणून त्याने त्या सरळ वगळल्या. त्यामुळे वाट पाहण्याची वेळ शून्य झाली! प्रत्यक्षात संगणकाला थांबायलाही थोडा वेळ लागतोच. तो ३ मिलिसेकंदांहून किंचित जास्त भरला.

प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. ३ मिलिसेकंदांत तो ९०० किलोमीटर, म्हणजे साधारण ५६० मैल जाईल. कोडे सुटले!

पण थांबा. एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "सर, उत्तर परतही यायला हवे ना?" शंका रास्त आहे. शिवाय काचेच्या प्रकाशतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटरच जातो. या हिशेबाने ३ मिलिसेकंदांत जाऊन-येऊन जेमतेम ३०० किलोमीटरवरचा सर्व्हर गाठता येईल. ८०० किलोमीटरसाठी निदान ८ मिलिसेकंद हवेत. गोष्ट रंजक व्हावी म्हणून आपण काही तपशील बदलल्याचे लेखकाने स्वतःच सांगितले आहे. तेव्हा ३ हा आकडा घट्ट धरू नये. वेळेची मर्यादा घातली की अंतराची मर्यादा आपोआप येते, हे तत्त्व मात्र पक्के आहे. हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे.

कोणत्याही कार्यालयाने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. प्रोग्रॅमची आवृत्ती बदलली, की त्याच्या सूचनांची फाइल त्या आवृत्तीशी जुळते का ते तपासावे. जुनी फाइल जपून ठेवावी आणि जवळच्याच नव्हे, तर दूरच्या पत्त्यांवरही पत्रे पाठवून पाहावीत. दुसरी गोष्ट शिक्षकांच्या अधिक जवळची आहे. 'असे होऊच शकत नाही' असे म्हणून तज्ज्ञाने फोन ठेवला असता, तर बिघाड तसाच राहिला असता. विद्यार्थ्याने विचित्र निरीक्षण आणले, तर हसण्याआधी त्याची वही पाहावी.