जमिनीचे तंटे आणि समेटाच्या रीती: नेरे व मुळशी परिसराचा मागोवा

एकाच जमिनीवर अनेकांचा हक्क असला की तंटा हाताळण्याच्या पाच रीती दिसतात: रेटून नेणे, नमते घेणे, टाळणे, तडजोड करणे आणि मिळून मार्ग काढणे. केनेथ थॉमस व राल्फ किलमन या अभ्यासकांच्या १९७४ च्या मांडणीमुळे ही वर्गवारी सर्वत्र रूढ झाली. नेरे गाव ज्या मुळशी तालुक्यात आहे, त्या मावळपट्ट्यात मात्र या रीती त्याआधी कित्येक पिढ्या चालत आल्या होत्या.

शिवकाळात आणि पेशवाईत शिवेचा किंवा वतनाचा तंटा गोतसभेपुढे येई. तिथे वादी-प्रतिवादींसह आसपासच्या गावांचे वतनदार व बलुतेदार बसत. शिवेबाबत महारांच्या साक्षीला विशेष वजन असे. साक्षी-पुराव्याने निकाल लागला नाही, तर दिव्य (सत्यपरीक्षा) करावे लागे. निवाड्याचा महजर (लेखी निवाडपत्र) होई आणि त्यावर पाटील नांगराची निशाणी करी. निवाडा देणाऱ्यांना पुढे त्याच शिवारात राहायचे असल्याने दोन्ही पक्षांना पटेल असा तोडगा काढण्याकडे कल राही. उपरी (बाहेरून आलेली) कुळे आणि स्त्रिया यांच्या शब्दाला मात्र तिथे फारसा वाव नव्हता.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. ब्रिटिश प्रशासक माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनला पंचायती टिकवायच्या होत्या, पण त्याच्याच काळातील १८२७ च्या कायद्यांनी दिवाणी न्यायालयांचे बस्तान बसवले. पुढे जमाबंदीच्या मोजणीने सर्व्हे नंबर आणि हद्दीच्या निशाण्या आल्या. मोजमाप पक्के झाले, तसा हक्काला कागदाचा आधारही मिळाला. पण न्यायालयात एक जिंकतो आणि दुसरा हरतो. शेजार जपण्याची जबाबदारी निकालपत्र घेत नाही.

केवळ कागद पाहिला की काय होते, हे मुळशीनेच दाखवून दिले. टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी त्याचे नेतृत्व केले. ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा होती. कसणारे मावळे जमीन सोडायला तयार नव्हते. ज्यांच्याकडे अनेक जमिनी गेल्या होत्या, त्या पुण्याच्या सावकारांना मात्र वाढीव मोबदला हवा होता. सरकारने भूसंपादनाचा कायदा कंपनीसाठी वापरला. मोबदल्याची तडजोड मालकांशी झाली आणि कसणाऱ्याच्या वाट्याला विस्थापन आले. १९२४ च्या अखेरीस बापटांनी रेल्वे अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. तडजोडीत मुख्य बाधितच नसले, तर तिला समेट म्हणता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कूळकायद्याने कसणाऱ्याला कायद्यात स्थान दिले. १ एप्रिल १९५७ या कृषिदिनापासून कुळे मालक मानली गेली. मालकीप्रमाणेच शेतरस्त्यांचेही तंटे होतात; त्यांसाठी कायद्यात दोन तरतुदी आहेत. वहिवाटीचा रस्ता अडवला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तो मोकळा करून मागता येतो. रस्ताच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतात. शेजारच्या हिंजवडीत आयटी पार्क आल्यावर या भागातील जमिनीचे भाव चढले, तसे बांध आणि वाट यांचे मोलही वाढले.

२००७ मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावपातळीवरील समेटाला पुन्हा शासनमान्य जागा दिली. २०२३ ची सलोखा योजना त्याच्या पुढची पायरी आहे. एकाची शेतजमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात किमान बारा वर्षे असेल, तर दोघांच्या संमतीने अदलाबदलीचा दस्त होतो. त्यासाठी एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी फी आकारली जाते.

या साऱ्या काळातून एक कसोटी हाती लागते. तंटा टाळला की तो पुढच्या पिढीच्या माथी येतो आणि रेटून मिळवलेला विजय शेजार तोडतो. समेट टिकण्यासाठी हक्काची स्पष्ट नोंद आणि सर्व बाधितांची संमती, दोन्ही लागतात. गोतसभेत बैठक होती, पण ती सर्वांची नव्हती. मोजणीने नोंद दिली, पण न्यायालयाने बैठक मोडली. नेऱ्यासारख्या झपाट्याने बदलणाऱ्या गावांत मोजणीचा नकाशा समोर ठेवून मालक, कसणारे, वारस लेकी आणि वाटेचे वहिवाटदार यांना एकत्र बसवणे, हीच सर्वांत भरवशाची रीत ठरते.